मत्सर बहिणींचा, तराजू कुणाचा?

बहिणी-बहिणींमधल्या मत्सरावरचा एखादा फ्रेंच मानसशास्त्रीय थरारपट पाहून लोक बाहेर पडले की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं, ‘बाईच बाईची शत्रू असते, हे किती खरं दाखवलंय!’ दुसरं, ‘बायका एकमेकींच्या जिवावर उठलेल्या दाखवायचा हा पुरुषी धंदा कधी थांबणार?’ पहिलं वाक्य बोलणाऱ्याला सिनेमा म्हणजे स्त्रीस्वभावाचा दाखला वाटतो, दुसरं बोलणाऱ्याला तो बदनामीचा खटला वाटतो. मग आवाज चढतात, उदाहरणांना उदाहरणं भिडतात, आणि पडद्यावर प्रत्यक्ष काय घडलं ते बाजूलाच राहतं. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न तपासता मान्य करून टाकलेली असते. ही गोष्ट दोघींची आहे, असं ते धरून चालतात.

मला हे मुळातच चुकीचं वाटतं. बहिणींच्या मत्सराच्या गोष्टीत कायम एक तिसरा माणूस असतो. कधी तो बाप असतो, कधी आई, कधी नवरा, कधी मृत्युपत्र वाचून दाखवणारा नोटरी, आणि पुष्कळदा अंधारात बसलेले आपण. हा तिसरा दोघींना तराजूत घालतो, दोघींसाठी एकच जागा ठेवतो आणि स्वतः नामानिराळा होतो. फ्रेंच परंपरेतल्या चांगल्या कलाकृती या तिसऱ्याला पकडतात, वाईट कलाकृती त्याला निसटू देतात. म्हणून अशा सिनेमांवर सरसकट बहिष्कार घालणं जितकं चूक, तितकंच त्यांना ‘कटू सत्य’ म्हणून डोक्यावर घेणंही चूक. वाद घालायचाच तर त्या तराजूवर घालावा.

आक्षेप घेणाऱ्यांचा मुद्दा मात्र हलका नाही, हे आधी मान्य करायला हवं. भावाभावांचं वैर साहित्यात आणि इतिहासात मोठ्या दिमाखात वावरतं. बायबलातल्या काइन आणि हाबेल या भावांपासून ते सिंहासनासाठी लढलेल्या राजपुत्रांपर्यंत, त्या वैरामागे राज्य असतं, ईश्वर असतो, न्याय-अन्यायाचा प्रश्न असतो. बहिणींचं वैर आलं की ते आरशासमोर, कपाटाशी, एका पुरुषाभोवती घुटमळतं. आपल्या इतिहासातलंच बघा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गादी, पैसा, गारद्यांचं थकलेलं देणं, रघुनाथरावांची महत्त्वाकांक्षा, अशी सगळी कारणं आपण आजही मांडतो. ‘पुरुषाची जातच मत्सरी’ असा निष्कर्ष त्यावरून कुणी काढत नाही. उलट दंतकथेनं ‘ध’चा ‘मा’ करून सगळा दोष आनंदीबाईच्या बोटांवर ठेवला. पुरुषांच्या सत्तेच्या भांडणातही शेवटी बाईचा मत्सर शोधून काढणारी जी दृष्टी, तीच दोन बहिणींच्या गोष्टीकडे वळली की तिला सगळं सोपंच होऊन बसतं.

फ्रान्समध्ये या दृष्टीला फार जुनी मुळं आहेत. शार्ल पेरोच्या १६९७च्या परीकथांत एका बहिणीच्या तोंडून हिरेमोती पडतात, दुसरीच्या तोंडून बेडूक आणि साप. लप्रँस द बोमाँबाईंनी १७५६ साली ‘सुंदरी आणि पशू’ची जी छोटी आवृत्ती लिहिली, तिच्यात तर आजच्या थरारपटाचं अख्खं कथानक आहे. सुंदरी पशूच्या महालातून आठवड्याभरासाठी माहेरी येते. तिचं वैभव पाहून दोघी बहिणींचा जळफळाट होतो. तिला वेळेत परत जाऊ द्यायचं नाही, म्हणजे पशू चिडून तिला खाऊन टाकेल, असा बेत त्या करतात आणि तो तडीस नेण्यासाठी तिच्यावर मायेचा वर्षाव करतात. याआधी तिला निरोप देताना याच बहिणींनी डोळ्यांना कांदा चोळून रडण्याचं सोंग केलेलं असतं. शेवटी परी त्यांचे दगडी पुतळे करते आणि बहिणीच्या महालाच्या दारात उभे करते. दगडाच्या आत त्यांची शुद्ध मात्र कायम राहते, कारण बहिणीचं सुख रोज बघत राहणं हीच त्यांची शिक्षा. गर्व, राग, खादाडपणा, आळस सुटू शकतो, पण मत्सरी मन सुधारणं म्हणजे चमत्कारच, असं परी बजावते. लेखिका बाई आहे, वाचक म्हणून तिच्यासमोर मुली आहेत, आणि मत्सराला माफी नाही हा धडा त्या मुलींच्या गळी उतरवला जातो आहे. ‘हे सगळं पुरुषांनीच रचलं’ हे म्हणणं इथंच लंगडं पडतं, पण ‘हे रचलेलं आहे’ हे म्हणणं मात्र टिकतं.

त्या कथेत एक तपशील आहे, त्याकडे बहुतेकांची नजर जात नाही. बाप श्रीमंत व्यापारी असतो आणि एकाएकी त्याची संपत्ती जाते. पैसा गेल्यावर मोठ्या दोघींना मागणी घालणारे पाठ फिरवतात. धाकटीला मात्र अजूनही विचारणा होते. पुढे बाप प्रवासाला निघतो तेव्हा मोठ्या दोघी कपडे मागतात आणि धाकटी फक्त एक गुलाब मागते. गुलाब मागणारी चांगली आणि कपडे मागणाऱ्या वाईट, हा निवाडा कथा पुरी होण्याआधीच झालेला असतो. ज्या जगात चांगल्या पोशाखाशिवाय मुलीचं लग्न ठरत नाही, त्या जगात कपडे मागणं हा हावरेपणा की हिशेब? कथा हा प्रश्न विचारत नाही. विचारला असता तर पुतळे करायची पाळी आली नसती.

आता दुसरा आक्षेप, जो मला सगळ्यात अवघड वाटतो. तो म्हणतो, तुम्ही समाज, पैसा, लग्न यांच्यावर सगळं ढकलता, पण मत्सर त्याच्याही आधीचा आहे. संत ऑगस्टिननं ‘कन्फेशन्स’मध्ये एका तान्ह्या बाळाचं वर्णन केलं आहे. त्याला बोलता येत नव्हतं, पण शेजारी दूध पिणाऱ्या दूधभावाकडे ते पांढरंफटक पडून, कडवट नजरेनं बघत होतं. फ्रेंच मनोविश्लेषक झाक लाकाँला हे दृश्य इतकं मोलाचं वाटलं की १९३८ साली कुटुंबातल्या गंडांवर लिहिताना त्यानं भावंडांच्या मत्सराची चर्चा त्याच्याच आधारे केली. आणि ऑगस्टिन मुद्दाम सांगतो की दूध मुबलक होतं, उपाशी कुणीच नव्हतं. म्हणजे टंचाई हे काही मत्सराचं एकमेव कारण नव्हे. ज्या जागेवर आपण होतो त्या जागेवर दुसऱ्याला तृप्त झालेलं पाहणं, हेच सहन होत नाही. हे मला नाकारता येत नाही. घरात दुसरं मूल आलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांनाही ते नाकारता येणार नाही. कितीही न्याय्य वाटणी केली तरी हा गाळ तळाशी उरणार.

पण हे मान्य केल्यावर वाद संपत नाही, तो तर इथून सुरू होतो. ऑगस्टिनचं बाळ मुलगा आहे. त्याची ती नजर माणसाची आहे, बाईची नव्हे. मग तीच नजर पुढे भावांमध्ये ‘महत्त्वाकांक्षा’ आणि बहिणींमध्ये ‘मत्सर’ या नावानं का ओळखली जाते? शिवाय त्या नजरेपासून खुनापर्यंतचा रस्ता लांबचा आहे. लाखो घरांत ती नजर उमटते आणि विझते. क्वचित एखाद्या घरात ती वर्षानुवर्षं पेटती राहते. थरारपट या क्वचित घराबद्दल असतो, आणि तिथं ती का विझली नाही हेच त्याचं रहस्य असतं. ‘मत्सर जन्मजात असतो’ हे उत्तर त्या प्रश्नाला लागूच पडत नाही, कारण जे सगळीकडेच आहे ते एका घराचं वेगळेपण कसं सांगणार?

त्या घराचं वेगळेपण बघायचं तर फ्रान्सचा कायदा आणि नोटरीचं टेबल बघावं लागतं. क्रांतीनं थोरल्या मुलाचा खास हक्क मोडला आणि १८०४च्या नागरी संहितेनं मुलगा-मुलगी, थोरलं-धाकटं सगळ्यांना वारशात बरोबरीनं बसवलं. बापाला मर्जीनं देता येईल असा हिस्साही बांधून दिला. एक अपत्य असेल तर निम्मा, दोन असतील तर एक तृतीयांश, तीन किंवा अधिक असतील तर एक चतुर्थांश. मुलीच्या लग्नात दिलेला हुंडा सहसा वारशातली आगाऊ उचल समजला जाई, आणि बाप गेल्यावर तो हिशेबात परत धरला जाई. कुणाला किती दिलं, केव्हा दिलं, याची कागदोपत्री नोंद राही. एवढं करून ती मुलगी लग्नानंतर स्वतंत्र व्हायची का? मुळीच नाही. १९३८पर्यंत विवाहित स्त्री कायद्यानं जवळपास अज्ञान मुलासारखीच होती, आणि नवऱ्याच्या संमतीशिवाय नोकरी धरण्याची, स्वतःच्या नावाचं बँक खातं उघडण्याची मुभा तिला १९६५च्या जुलैमधल्या कायद्यानं मिळाली. म्हणजे वारशात बहिणी समान, पण त्या वारशाचं पुढे काय होणार ते नवरा कसा मिळतो त्यावर. समान हिस्सा घेऊन दोघी निघतात आणि दहा वर्षांनी एक वाड्यात असते, दुसरी तिच्या दारात. ज्यांना आयुष्यभर सारखं मोजलं त्यांच्यात हा फरक पडला की तो किती बोचत असेल!

फ्रेंच विचारवंत तोकव्हिलनं अमेरिकेतल्या लोकशाहीवर लिहिताना हेच हेरलं होतं. विषमता सर्वत्र असते तेव्हा मोठी दरीही डोळ्यांत खुपत नाही, पण सगळं जवळजवळ सारखं झालं की लहानसा उंचवटाही जखम करतो. राजाच्या मुलीचा हेवा गावातल्या मुलीला वाटत नाही, शेजारच्या खोलीत वाढलेल्या बहिणीचा वाटतो. म्हणून बहिणींचा मत्सर ही मागासलेल्या मनाची खूण समजू नये. समतेचं वचन देऊन अर्ध्यावर सोडलेल्या घरात तो जास्त पेटतो.

फ्रान्स्वा ओझोंचा २००२चा ‘युइ फाम’, म्हणजे ‘आठ बायका’, हे मला या बाबतीतलं फार चांगलं उदाहरण वाटतं. तो गाण्यांचा, रंगीबेरंगी, हसवणारा रहस्यपट आहे, त्यामुळे गंभीर चर्चेत त्याला कुणी धरत नाही. बर्फानं वेढलेलं घर, वरच्या खोलीत पाठीत सुरा खुपसलेला घरधनी, आणि खाली आठ संशयित बायका. त्यांतल्या दोघी सख्ख्या बहिणी. गाबी म्हणजे कात्रीन दनव्ह, घराची मालकीण, देखणी, सुस्थितीत. ओगुस्तीन म्हणजे इझाबेल युपेर, जाड चष्मा, घट्ट बांधलेले केस, लग्नावाचून राहिलेली, आजारी असल्याचं गाऱ्हाणं सदा तोंडी. युपेरनं ही भूमिका अशी केली आहे की ओगुस्तीन खुर्चीच्या कडेवर बसते तरी ती त्या घरात कुणाच्या मेहेरबानीवर आहे ते कळतं. ती बोलते तेव्हा वाक्य संपण्याआधीच तिचा आवाज चिरका होतो, जणू कुणीतरी मध्येच तोडणार हे तिला ठाऊक आहे. पुढे एका प्रसंगात तीच ओगुस्तीन केस मोकळे सोडून, झगमगता पोशाख करून जिन्यावरून उतरते आणि घरातल्या सगळ्यांना कळतं की ती ‘कुरूप बहीण’ कधी नव्हतीच. तो घराण्यातला तिचा हुद्दा होता. आता त्या तिसऱ्या माणसाकडे बघा. आठही जणींचं पोट, लाड, लपवाछपवी त्या एका पुरुषाच्या पैशाभोवती फिरते. आजीनंसुद्धा शेअरचे कागद दडवून ठेवले आहेत. आणि ओझोंनं त्या पुरुषाचा चेहरा आपल्याला नीट दाखवलेलाच नाही. बायका एकमेकींचे केस ओढतात, जमिनीवर लोळतात, प्रेक्षक हसतो, आणि चेहरा नसलेला तो माणूस सगळ्याच्या केंद्रस्थानी असतो. ‘बायका बायकांच्या शत्रू’ असं वाक्य हा सिनेमा पाहून ज्याला सुचतं, त्यानं सिनेमाचा वरचा मजला पाहिलेलाच नाही.

उलट बाजूची उदाहरणंही फ्रान्समध्येच आहेत. सिमोन द बोव्हुआर आणि तिची धाकटी बहीण एलेन यांच्यात मत्सर माजायला हवं होतं ते सगळं होतं. दुसरीही मुलगीच झाली म्हणून घरात निराशा झाली होती, धाकटीला सतत थोरलीच्या मापानं मोजलं जाई, आणि आपण जास्तीच्या आहोत असं तिला वाटे. सिमोननं आपल्या आठवणींत हे स्वच्छ लिहून ठेवलं आहे. पण घराची आर्थिक स्थिती ढासळली आणि बापानं दोघींना सांगून टाकलं की हुंडा नाही, तुमची लग्नं व्हायची नाहीत, नोकऱ्या करा. त्या अपमानातून एक गोष्ट घडली. दोघींना जिंकायची ती एकुलती एक जागाच उरली नाही. एक लेखिका झाली, दुसरी चित्रकार. त्यांच्यात कुरबुरी झाल्याच नाहीत असं मी म्हणत नाही, थोरलीचे धाकटीच्या चित्रांबद्दलचे खासगी शेरे पुढे प्रसिद्ध झालेल्या पत्रांत आहेतच. पण वैर झालं नाही. पडद्यावर बघायचं तर झाक देमीचा १९६७चा ‘रोशफोरच्या मुली’. त्यात कात्रीन दनव्ह आणि तिची सख्खी थोरली बहीण फ्रान्स्वाझ दोर्लेआक जुळ्या बहिणी झाल्या आहेत. देमीनं एकीला नृत्य दिलं, दुसरीला संगीत, दोघींना वेगवेगळे प्रियकर दिले, आणि सबंध चित्रपटात मत्सराचा लवलेश नाही. त्याच वर्षी जूनमध्ये नीसजवळ मोटार अपघातात फ्रान्स्वाझ गेली, अवघ्या पंचविसाव्या वर्षी. दोन देखण्या नट्या, एकाच घरातल्या, एकाच धंद्यातल्या, यांच्यात स्पर्धेशिवाय काही असणारच नाही असं मानणाऱ्यांनी हा चित्रपट एकदा पाहावा.

आज चाललेला वाद फ्रान्सनं एकदा फार वाईट रीतीनं घालून झालेला आहे. २ फेब्रुवारी १९३३ रोजी ल माँ शहरात पापँ आडनावाच्या दोन बहिणींनी, क्रिस्तीन आणि लेआनं, आपल्या मालकिणीला आणि तिच्या मुलीला अतिशय क्रूरपणे ठार केलं. विजेची इस्त्री बिघडली होती, घरातली वीज गेली होती, मालकीण संध्याकाळी घरी परतली आणि जिन्यावर बोलाचाली झाली, एवढंच निमित्त. देश लगेच दोन तटांत वाटला गेला. काहींना त्या दोघी पिसाळलेली जनावरं वाटल्या, काहींना शोषित वर्गाच्या हुतात्मा. न्यायालयाच्या तज्ज्ञांनी त्यांना शहाण्या ठरवलं, क्रिस्तीनला देहदंड सुनावला गेला, तो पुढे कमी झाला, आणि १९३७ साली ती मनोरुग्णालयात मेली. राक्षस की हुतात्मा, या भांडणात त्या दोघींचं आयुष्य कुणी वाचलंच नाही. लहानपणी कुठं कुठं ठेवलेल्या, कळत्या वयात मोलकरीण म्हणून धाडलेल्या, वर्षानुवर्षं ज्यांचा पगार आई घेऊन जायची अशा या मुली. माळ्यावरची एक खोली आणि एकमेकी, यापलीकडे त्यांचं असं काही नव्हतं. शोषण झालं म्हणून खून क्षम्य ठरत नाही, हे सांगायला नको. पण राक्षस म्हटलं की विचार थांबतो, हुतात्मा म्हटलं तरी थांबतो.

झाँ झनेच्या ‘ले बॉन’, म्हणजे ‘मोलकरणी’, या नाटकावर या घटनेची सावली आहे असं सर्रास मानलं जातं. १९४७ साली पॅरिसमध्ये लुई झुव्हेनं ते उभं केलं. झनेनं त्यात एक फेरफार केला, आणि माझ्या मते तो फार खोल जातो. खऱ्या पापँ बहिणी एकमेकींना घट्ट धरून होत्या. झनेच्या क्लेअर आणि सोलांज एकमेकींचा तिरस्कारही करतात. मालकीण बाहेर गेली की त्या तिचे कपडे घालून मालकीण-मोलकरीण असा खेळ खेळतात, आळीपाळीनं. मालकीण होण्याची जागा एकच, म्हणून खेळातसुद्धा एकीला मोलकरीणच राहावं लागतं. बहिणीच्या चेहऱ्यात प्रत्येकीला स्वतःचीच लाचारी दिसते आणि तिचा वीट येतो. मालकिणीपर्यंत हात पोचत नाही, तो राग बहिणीवर निघतो. बहिणींच्या मत्सराबद्दल यापेक्षा नेमकं नाटक मला माहीत नाही, आणि त्यात मत्सराचं मूळ दोघींच्या आत शोधणारा प्रेक्षक रिकाम्या हातानं परततो.

काही रसिक म्हणतील, थरारपटाला हे ओझं कशाला? भीती वाटली, श्वास रोखला, पुरे. सगळं उलगडून सांगणारा थरारपट मरतो, हे मलाही पटतं. पण मी उलगडा मागतच नाही, मी कॅमेऱ्याची नजर तपासतो आहे. फ्रेंच थरारकथेला १९५०च्या दशकात वळण देणारे ब्वालो आणि नार्सझाक यांनी गोष्ट पोलिसाच्या हातून काढून सावजाच्या डोळ्यांनी सांगायला घेतली. कुणावर विश्वास ठेवावा ते वाचकालाच कळेनासं झालं. त्यांच्या कादंबरीवरून दिग्दर्शक क्लूझोनं १९५५ साली केलेल्या ‘ले दियाबोलिक’मध्ये बायको आणि प्रेयसी मिळून एका शाळेच्या जुलमी मुख्याध्यापकाचा काटा काढायला निघतात. दोन तास आपण त्या दोघींवरच पाळत ठेवतो. ही तिला फसवेल की ती हिला? शेवट कुणाला सांगू नका, अशी विनंती चित्रपटाच्या अखेरीला केलेली आहे, म्हणून मी तो सांगत नाही. एवढंच विचारतो, ती शाळा कुणाच्या मालकीची होती हे किती जणांच्या लक्षात राहिलं? संशयाची दिशा दिग्दर्शक ठरवतो, आणि चांगला दिग्दर्शक आपल्याला आपल्याच संशयात पकडतो. दोन बहिणी पडद्यावर आल्या आल्या आपण न सांगता पहिलं काम कोणतं करतो? कोण जास्त देखणी ते बघतो. तराजू आपल्या हातात आलेला असतो. ज्या चित्रपटाला हे ठाऊक असतं तो शेवटी आपल्याला अस्वस्थ करून सोडतो, आणि ज्याला ठाऊक नसतं तो एका बहिणीला वेडी ठरवून दिवे लावतो.

मराठी प्रेक्षकाला हे कळायला खरं तर जड जाऊ नये. दोन भाऊ बोलेनासे झाले की गाव पहिला प्रश्न जमिनीचा विचारतं, सातबारा कुणाच्या नावावर, विहिरीचं पाणी कुणाकडं. भाऊबंदकीला कारण असतं, हे आपण धरूनच चालतो. दोन बहिणी बोलेनाशा झाल्या की आपण स्वभावावर जातो. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हिस्सा महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाला. तरी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बहिणींकडून भावाच्या नावे हक्कसोडपत्रावर अंगठे आणि सह्या घेतल्या जाताहेतच. तिथल्या बाकावर शेजारी बसलेल्या दोघींपैकी एकीनं सही केली आणि दुसरीनं नकार दिला, तर सणावाराला माहेरी कुणाला बोलावणं येतं आणि कुणाला नाही? पुढच्या दहा वर्षांत त्या दोघींत जे वितुष्ट येईल, त्याला आपण काय नाव देणार?

बायका लिहू-दाखवू लागल्या म्हणजे हा विषय नाहीसा होतो असंही नाही. व्हिर्जिनी देपांतची ‘ले झोली शोझ’ ही १९९८ची कादंबरी दोन जुळ्या बहिणींची आहे. एकीला नाव हवं आहे पण गळा नाही, दुसरीला गळा आहे पण नावाचा तिटकारा आहे. पहिलीच्या नावानं दुसरी मंचावर गाते आणि त्याच रात्री पहिली जीव देते. मग दुसरी तिची जागा घेते, तिचे कपडे, तिच्या उंच टाचा, तिची हसण्याची पद्धत. जिचा ती आयुष्यभर तिटकारा करत आली ती ‘सुंदर मुलगी’ होणं हे किती कष्टाचं, किती अपमानाचं काम आहे, ते तिला तिथं कळतं. २००१ साली यावर जो चित्रपट आला त्यात मारियों कोतियारनं दोन्ही बहिणी साकारल्या. एकाच चेहऱ्याच्या दोघींत जग कुणाला किती भाव देतं हे बघायला यासारखी युक्ती नाही. देपांत मत्सर पुसून टाकत नाही, बहिणींना साध्वीही करत नाही. दोघी एकमेकींशी दुष्टपणे वागतात. पण ती जागा कुणी बनवली, तिचं भाडं कोण घेतं, हे ती एका क्षणासाठीही विसरू देत नाही.

आणि शेवटी कादंबरीकार बाल्झाक, कारण ‘मत्सरी बहीण’ म्हटलं की फ्रेंच वाचक त्याच्याकडेच बोट दाखवतो. ‘ला कुझिन बेत’ १८४६ साली वर्तमानपत्रातून क्रमशः आली. लिझबेत ऊर्फ बेत आणि अदलीन या चुलत बहिणी, पण एकाच घरात एकत्र वाढलेल्या, म्हणजे आपल्या हिशेबानं बहिणीच. फ्रान्सच्या व्होझ भागातलं शेतकरी कुटुंब. अदलीन अप्रतिम सुंदर, म्हणून तिला जपलं गेलं. बेत काळीसावळी, राकट, म्हणून तिला शेतात राबवलं गेलं. घरानं एका मुलीचा दुसरीसाठी बळी दिला, असं बाल्झाक सरळ लिहितो. लहानपणी एकदा अदलीन एकटी सापडल्यावर बेत तिचं सुंदर नाक ओरबाडायला धावते आणि मार खाते. पुढे अदलीन जहागीरदारीण होते, बेत पॅरिसला येऊन जरीकामाच्या धंद्यात हात झिजवते आणि बहिणीच्या घरी जुने कपडे घेत जेवायला जाते. जीव द्यायला निघालेल्या एका तरुण पोलिश शिल्पकाराला ती वाचवते, पोसते, त्याच्यावर हक्कानं जीव लावते. त्यालाही अदलीनची मुलगी नवरा म्हणून उचलून नेते. त्यानंतर बेत त्या घराच्या नाशाला लागते, थंड डोक्यानं, वर्षानुवर्षं, हसऱ्या चेहऱ्यानं. बाल्झाक तिची बाजू घेत नाही. तिच्यातलं विष तो पूर्ण मापानं दाखवतो, आणि वाचताना अंगावर काटा येतो.

पण त्या घराचा पैसा कोण उधळतं? अदलीनचा नवरा, जहागीरदार युलो. बायांच्या नादी लागून सरकारी पैशाला हात कोण घालतं, ज्यापायी बायकोच्या म्हाताऱ्या काकाला जीव द्यावा लागतो? तोच. बेत फक्त दारं उघडून देते, आत तो आपल्या पायांनी जातो. बेत मरते तेव्हा तिनं काय काय केलं ते घरात कुणालाच ठाऊक नसतं, घराण्याची देवता गेली म्हणून सगळे रडतात. ती गेल्यावर युलो सुधारल्यासारखा वाटतो. मग एका रात्री अदलीनच्या कानावर त्याचा आवाज येतो. स्वयंपाकघरात कामाला ठेवलेल्या पोरीला तो सांगत असतो की माझी बायको आता फार दिवस काढायची नाही, तुला जहागीरदारीण होता येईल. अदलीन त्या धक्क्यानं अंथरूण धरते आणि तीन दिवसांत मरते. तोवर बेत थडग्यात गेलेली आहे. कादंबरीचं नाव मात्र बेतचं, आणि पावणेदोनशे वर्षं मत्सराचा दाखला म्हणून नाव घेतलं जातं तेही बेतचंच.